नट आधी, लाकूड नंतर

प्रश्न : माझं वय ४४. पहिल्यांदाच गिटार शिकतेय. भाच्याच्या गिटारवर महिनाभर सराव केला, पण एफ कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा एकदम दाबून धरायचा स्वरमेळ) काही केल्या वाजत नाही आणि बोटं सोलून निघाली. आता स्वतःची घ्यायची आहे, बजेट बेताचं. दोन हेरून ठेवल्यात : एक चकचकीत, कटअवे (मानेजवळ कापलेला खांदा) आणि पिकअप (आवाज स्पीकरकडे नेणारं यंत्र) असलेली; दुसरी साधी, सॉलिड स्प्रूस टॉपची, म्हणजे वरची फळी स्प्रूसच्या अखंड लाकडाची. किंमत जवळपास सारखीच. कुठली घेऊ? की बोटांना सोपी म्हणून नायलॉनच्या तारांची घेऊ?

उत्तर : आधी भाच्याच्या गिटारचं बघू, कारण दोष तुमच्या बोटांचा नसावा. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि तीच एफ एक फ्रेट पुढे धरा. स्वर बदलेल, ते सोडा. हात एकदम मोकळा वाटला तर गुन्हेगार सापडला : नट. नाटकातला नव्हे, मानेच्या टोकाला ज्या पट्टीच्या खाचांतून तारा जातात, ती. स्वस्त गिटारमध्ये या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नसतात. कॅपो लावला की नटचं काम संपतं, म्हणून त्रासही संपतो.

हे मला उशिरा कळलं. पहिल्या गिटारवर दीड वर्ष मी एफ नसलेलीच गाणी शोधत होतो आणि आपल्याला कला नाही असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं. एका कारागिराने छोट्या कानशीने खाचा खोल केल्या, अर्ध्या तासात. त्या दिवशी आनंदापेक्षा राग जास्त आला. आज गिटारदुरुस्ती हाच माझा धंदा आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या नवशिक्यांची तक्रार तुमचीच असते.

कुठलीही गिटार हातात आली की दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा. पहिल्या फ्रेटवर कागद जेमतेम सरकेल एवढीच फट उरायला हवी. मग बाराव्या फ्रेटवर पट्टी धरा : जाड तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास, बारीक तार दोनच्या. जास्त असेल तर ब्रिजवरची (ब्रिज म्हणजे तारांचं दुसरं टोक अडकवलेला लाकडी तुकडा) सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून तारा खाली आणता येतात, पण सॅडल घासण्याइतकी वर उरलीय का ते बघा. ती आधीच ब्रिजमध्ये बुडालेली आणि तारा तरीही उंच, तर मानेचा कोनच बिघडलाय. अशी गिटार फुकट मिळाली तरी महागात पडते. ‘ट्रस रॉड फिरवला की होईल’ असं कोणी म्हटलं तर मान डोलवा आणि निघा. ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आतली सळई; ती मानेचा बाक सुधारते, कोन नाही.

तुमच्या दोनमधली? या तपासण्या पार केल्या तर सॉलिड टॉपची. सारख्या किमतीत पिकअप आणि कटअवे दिलाय, तर तो पैसा लाकडातून नाहीतर कारागिरीतून काढलेला असतो. पिकअप नंतर बसवता येतो, टॉप नाही. खात्री करायला साउंडहोलच्या, म्हणजे पुढच्या गोल भोकाच्या, कडेला बघा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून थेट आत उतरताना दिसल्या तर सॉलिड, मध्ये थर दिसले तर प्लाय. बाजू आणि पाठ प्लायची असली तरी चालेल. यामाहाची एफजी ८०० तशीच आहे. प्लायला मी नावं ठेवत नाही हं, ती दमट-कोरडी हवा जास्त सोसते. सॉलिड टॉपचीचा नट दुरुस्त करून मिळत नसेल आणि प्लायची लोण्यासारखी वाजत असेल, तर खुशाल प्लायची घ्या.

नायलॉन बोटांना मऊ, हे खरं. पण त्या गिटारची मान नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर रुंद, स्टीलवालीची ४३च्या आसपास. लहान हाताला एफ तिथेही छळेल. नायलॉनचा तो गोलसर आवाजच आवडत असेल तर गोष्ट वेगळी. फक्त तिच्यावर कधी स्टीलच्या तारा चढवू नका, ब्रिज उखडून येईल. नाहीतर स्टीलवालीवरच १२-५३ऐवजी १०-४७चा (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे) संच लावा. आवाज थोडा पातळ होईल, पण रोज वाजवाल.

सेटअपसाठी, म्हणजे नट-सॅडल जुळवून घ्यायला, बजेटमधला थोडा पैसा बाजूला ठेवा. आणि कॅपो घरूनच घेऊन जा. दुकानातला ऐन वेळी सापडत नाही.