भाच्याच्या हातातलं पावतीपुस्तक

न्यू जर्सीहून एका वाचकाने लिहिलंय. विशीत ते तिथल्या एका पंथात सहा वर्षं होते. फुटपाथवर देणगी मागून दिवसाची ठरलेली रक्कम जमेपर्यंत संध्याकाळी गाडीत परत घेत नसत. आता विक्रोळीच्या बहिणीचा एकोणीस वर्षांचा मुलगा दर रविवारी युवा शिबिराला जातो, शनिवारी दादर स्टेशनबाहेर पावतीपुस्तक घेऊन उभा राहतो. परवा त्याने मामाकडे संस्थेसाठी पाचशे डॉलर मागितले. ‘ताई, तो पहाटे उठतो, हसतो, बहीण खूश आहे. झोप फक्त माझी उडाली आहे. माझंच डोकं फिरलंय का?’

नाही हो. तुम्ही ते आतून पाहिलंय.

१९७०च्या दशकात युनिफिकेशन चर्च या कोरियातून आलेल्या पंथाची तरुण मुलं व्हॅनमधून अमेरिकाभर फिरून फुलं विकत. पैसा वर जायचा, हे खरंच. पण मागणाऱ्याचंही काहीतरी होतं. शंभर अनोळखी माणसांना ‘आमचं कार्य चांगलं आहे’ असं सांगून झालं की स्वतःच्या मनातली शंका ऐकणं जड जातं. शिवाय दिवसभर उभं राहून दमलेला मुलगा रात्री विचार कधी करणार? तुमची झोप उडते ती यामुळे, आणि ते मला पटतं.

तरीही तुमची सहा वर्षं भाच्याच्या अंगावर घालू नका. मुंबईत वर्गणी मागायला पोरं गणपतीतच शिकतात. विसर्जनानंतर जमाखर्च फळ्यावर लावणारी मंडळं मी लहानपणापासून पाहते आहे. इथेही तोच हिशोब मागायचा.

पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आहे का ते भाच्यालाच बघायला सांगा. सार्वजनिक ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते, मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. नोंदणी नसेल तर वर्गणीसाठी महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी लागते. मात्र क्रमांक सापडला म्हणून निर्धास्त होऊ नका. नोंदणी असलेली संस्थाही पोरांना घरापासून तोडू शकते.

पाचशे डॉलरचं उत्तर सोपं आहे. तुम्ही अमेरिकन नागरिक असाल, तर ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी तुमची देणगी परकीय धरली जाते. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. भारतीय पासपोर्ट असेल तर हा नियम लागू नाही. पण कुणाच्या वैयक्तिक खात्यावर ‘पाठवा’ म्हणाले, तर दोन्ही परिस्थितींत पाठवू नका. भाच्याच्या खात्यावरही नको.

आता मुलाशी बोलणं. ‘पंथ’ हा शब्द काढलात की तो त्यांची बाजू घेऊन तुमच्याशी भांडेल, आणि प्रत्येक भांडणात त्यांचा थोडा जास्त होईल. त्यापेक्षा त्याला विचारा: शिबिर सोडून गेलेलं कोणी आहे का? त्यांच्याबद्दल तिथे काय बोलतात? तू अजून त्यांना भेटतोस का? एक शनिवार परीक्षेसाठी चुकवलास तर काय होईल? उत्तर द्यायची घाई त्याला करू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करा, कॉलेजचं विचारा, जेवणाचं विचारा.

आणि तुमची गोष्ट सांगा. फुटपाथवरची, गाडीत न घेतलेल्या संध्याकाळची. बहिणीलाही ती कधी सांगितली नाही, असं तुम्हीच लिहिलंय. दोघं एकत्र बसले असताना सांगा, त्याच्या माघारी नको.