दिवसभर उपाशी, रात्री डब्यापाशी

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा अकरावी सायन्सला असलेली एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. तिला इथे सायली म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदललेले आहेत. खुर्चीत नीट बसण्याआधीच आईने तक्रार मांडली, "मॅडम, वजन कमी करायचं म्हणून ही दिवसभर ताटाकडे बघत नाही आणि रात्री आम्ही झोपलो की डबे उघडते. चिवडा संपला, शंकरपाळ्या संपल्या. शेवटी मी फराळाच्या कपाटाला कुलूप घातलं." सायली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिली.

कोल्हापुरात माझ्याकडे येणारे पालक हा प्रश्न आता वरचेवर विचारतात आणि तो केवळ मुलींच्या पालकांचा नाही. वजन कमी करायचे मुलानेच मनापासून ठरवलेले असते, मग खाण्यावर त्याचा ताबा का राहत नाही? मुले स्वतःला हाच प्रश्न याहून कितीतरी कठोर शब्दांत विचारत असतात. सायलीची हकिगत सांगते आहे ती त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. तिचे वजन किती होते आणि नंतर किती झाले, हे मात्र मी लिहिणार नाही, कारण हे वाचणारी सोळा वर्षांची मुलगी तो आकडा आधी स्वतःच्या आकड्याशी ताडून पाहील आणि पुढचे काहीच तिच्या मनात उतरणार नाही.

आईला बाहेर बसायला सांगून मी सायलीशी एकटीशी बोलले. तिने दप्तरातून फिजिक्सची वही काढली आणि मागचे पान उघडले. एका रकान्यात दिवसभरात खाल्लेल्या पदार्थांच्या कॅलरी होत्या, दुसऱ्या रकान्याला मथळा होता 'चूक'. पहिला रकाना जवळजवळ रिकामा होता, दुसरा भरलेला. आमच्याकडच्या मुली स्वतःविषयी बोलताना 'मी जातो, मी येतो' असेच म्हणतात, म्हणून तिचे शब्द तसेच ठेवते. ती म्हणाली, "दिवसभर मी एकदम व्यवस्थित असतो मॅडम. रात्री काय होतं कळत नाही. उभ्या उभ्या खातो. गार भात, चपातीवर तूप-साखर, शेंगदाण्याची चटणी, जे हाताला लागेल ते. पोट दुखायला लागलं तरी थांबत नाही. मग रडतो आणि ठरवतो, उद्या काहीच खायचं नाही."

हे सगळे सुरू झाले होते जून महिन्यात, एका लग्नात मावशीने चारचौघांत काढलेल्या शब्दांनंतर. त्याच आठवड्यात तिने मोबाइलवर एक आहार-तक्ता शोधला आणि सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटो, संध्याकाळी एक सफरचंद असा दिनक्रम सुरू केला. त्याच मोबाइलने उंची आणि वजन विचारून ती 'लठ्ठ' असल्याचा निकालही दिला होता. इथे एक गोष्ट पालकांनी लक्षात घ्यायला हवी. उंची-वजनाच्या गुणोत्तराच्या ज्या मर्यादा प्रौढांसाठी वापरतात, त्या वाढीच्या वयातल्या मुलांना जशाच्या तशा लावत नाहीत; त्यांच्यासाठी वय आणि लिंग यांनुसार वाढीचे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 5 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी असे सुधारित तक्ते 2015 मध्ये प्रसिद्ध केले. मूल कुठे आहे हे त्या तक्त्यावर बालरोगतज्ज्ञाने सांगावे, मोबाइलने नव्हे.

मी तिला एवढेच सांगितले की पुढच्या भेटीपर्यंत कॅलरी लिहू नकोस. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्या वेळी मनात काय होते एवढेच लिही. 'चूक' या शब्दाऐवजी फक्त वेळ लिहायची. आठ दिवसांनी ती वही घेऊन आली तेव्हा मला फार काही समजावून सांगावे लागले नाही. पहाटे साडेपाचला उठणे, सातला क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा राजारामपुरीत नीटची बॅच आणि साडेआठला घर. या पंधरा तासांत पोटात गेलेले अन्न एका माणसाच्या न्याहारीएवढेही नव्हते. ज्या दोन दिवशी मैत्रिणीच्या आग्रहाखातर तिने दुपारी पूर्ण डबा खाल्ला होता, त्या दोन्ही रात्री ती स्वयंपाकघरात गेली नव्हती. हे मी तिला दाखवले नाही, तिनेच बोट ठेवले आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली.

तिच्या मनात पक्के बसलेले होते की आपण हावरट आहोत आणि आपल्यात निग्रह नाही. खरे तर वाढत्या वयात पंधरा तास जवळजवळ उपाशी राहून अभ्यास करणाऱ्या मुलीला निग्रह नाही असे कोण म्हणेल? शरीराला मात्र तो निग्रह कळत नाही, त्याला फक्त टंचाई कळते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये डॉ. अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने नेहमीच्या निम्म्या आहारावर ठेवले होते. चांगली समजदार माणसे होती ती, पण काही आठवड्यांत त्यांचे बोलणे-चालणे अन्नाभोवती फिरू लागले, काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि आहार पूर्ववत झाल्यावर काहींना पोट गच्च भरले तरी भूक शमल्यासारखे वाटेना. सायलीचे रात्रीचे खाणे याच जातीचे होते.

तिसऱ्या भेटीला मी घरातल्यांनाही बोलावले. आई आली आणि तिच्याबरोबर सायलीचे आजोबा आले, तरुणपणी तालमीत वाढलेले. मी मिनेसोटाचा प्रयोग सांगत होते आणि आईच्या चेहऱ्यावर अविश्वास होता. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "बाई, हे आम्हाला माहीत आहे की. वजनगटात बसायला पोरं दोन-दोन दिवस उपाशी राहायची. वजन झालं की केळ्याची अख्खी फणी एका बैठकीत संपवायची. त्यांना कोण हावरट म्हणत नव्हतं. वस्ताद म्हणायचे, भूक आहे ती, खाऊ दे, फक्त सावकाश." आई पहिल्यांदा गप्प झाली. मीही थोडा वेळ काही बोलले नाही, कारण जे मला अर्धा तास सांगता आले नव्हते, ते खासबागेच्या मातीत कुस्ती खेळलेल्या माणसाने चार वाक्यांत सांगितले होते.

आईची काळजी खोटी नव्हती, हेही मला सांगायला हवे. सायलीच्या वडिलांना मधुमेह आहे, घरात स्थूलतेची प्रवृत्ती आहे आणि मुलीची पाळी दोन महिने लांबली होती. त्यामुळे 'वजनाचा विचारच सोडा' असे मी म्हटले नाही. आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. थायरॉइड व्यवस्थित होते, हिमोग्लोबिन मात्र बरेच कमी निघाले, आणि सतत जाणवणाऱ्या थकव्याचा काही उलगडा त्यातून झाला. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढतेस का, जुलाबाच्या गोळ्या घेतेस का, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारले होते. ती म्हणाली होती, एकदा उलटीचा प्रयत्न केला, मग भीती वाटली. तेही तिच्या परवानगीने डॉक्टरांच्या कानावर घातले. हा प्रश्न विचारायला अनेक पालक कचरतात, पण शांतपणे विचारल्यास मुले बहुधा खरे सांगतात आणि सांगितल्यावर त्यांना हलके वाटते.

आहारतज्ज्ञांच्या मदतीने जे ठरवले, ते ऐकून सायली घाबरली, कारण त्याची सुरुवात जास्त खाण्यापासून होती. क्लासला जाण्याआधी भाकरी किंवा चपातीबरोबर अंडे नाहीतर उसळ, मधल्या सुट्टीत घरचा डबा, दुपारी नेहमीचे जेवण, संध्याकाळच्या बॅचआधी मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि केळे किंवा दूध, रात्री घरातल्यांबरोबर बसून जेवण आणि त्यात भातसुद्धा. दोन खाण्यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही. कोणताही पदार्थ बंदीच्या यादीत टाकायचा नाही. रविवारी घरी तांबडा-पांढरा रस्सा असेल तर तो सगळ्यांबरोबर पानात वाढून घ्यायचा, शनिवारी मैत्रिणींबरोबर मिसळ खायची असेल तर खायची. जे उघडपणे, बसून, चवीने खाता येते, ते चोरून खाण्याची गरज हळूहळू उरत नाही. आणि सर्वांत अवघड अट ही होती की एखाद्या रात्री पुन्हा तसे घडले, तरी दुसऱ्या दिवशीची न्याहारी चुकवायची नाही. भरपाईचा उपवास हाच पुढच्या रात्रीच्या खाण्याचा पाया असतो, हे तिला पटायला महिना लागला.

आईकडे मी तीन गोष्टी मागितल्या: कपाटाचे कुलूप काढणे, वजनकाटा सायलीच्या खोलीतून हलवणे आणि जेवताना वजनाचा विषय न काढणे. कुलूप काढायला आई तयार होईना. "उघडं ठेवलं तर ही सगळं संपवेल मॅडम." मी म्हटले, कुलूप असतानाही संपतेच आहे, फक्त आता त्यात चोरीची लाज मिसळली आहे. किल्ली आईच्या उशाखाली असे आणि सायलीला ती कुठे असते हे ठाऊक होते. रात्रीच्या अंधारात आईच्या उशाखाली हात घालणाऱ्या मुलीला स्वतःविषयी काय वाटत असेल, याचा विचार आईने तोवर केला नव्हता. दुसऱ्या दिवशी कुलूप निघाले. पहिल्या आठवड्यात एक डबा खरोखरच संपला, आईने मला फोन केला आणि तरीही कुलूप परत घातले नाही, याचे श्रेय मी तिला मनापासून देते.

झोपेकडे आम्ही सगळ्यांनीच उशिरा लक्ष दिले आणि त्यात माझीही चूक होती. सायली रात्री दीडला झोपत होती. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असते आणि झोप कमी पडली की भूक वाढते, तीही गोड आणि तेलकट पदार्थांची. रात्री अकराला पुस्तक मिटायचे ठरल्यावर स्वयंपाकघरात जाण्याची वेळच बऱ्याच अंशी निघून गेली. व्यायामाबद्दल मी जिममध्ये नाव घालायला सांगितले नाही. आजोबा रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जात; शनिवार-रविवारी आणि क्लास नसेल त्या दिवशी ती त्यांच्याबरोबर जाऊ लागली. चालून कॅलरी किती जळल्या हे मोजायचे नाही, एवढीच अट.

रात्री खाण्याची ओढ आली तर काय करायचे, हेही ठरले होते. ती ओढ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरते. आधी स्वतःला विचारायचे की शेवटचे जेवण किती वाजता झाले. खरीच भूक असेल तर दिवा लावून, ताटलीत घेऊन, बसून खायचे. भूक नसेल तर आजीच्या खोलीत जाऊन बसायचे. आजी झोपेतच तिच्या पाठीवरून हात फिरवते, असे ती मला सांगत होती तेव्हा पहिल्यांदा हसली.

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात सलग तीन रात्री सगळे पूर्वीसारखे झाले. "मी परत चुकलो," असे म्हणत ती आली. वही पाहिली तर तिन्ही दिवशी पेपरच्या भीतीने न्याहारी सुटली होती, पण तिन्ही रात्रींनंतर एकदाही तिने भरपाईचा उपवास केला नव्हता. त्यामुळे तीन रात्रींवर ते थांबले. जूनमध्ये असेच सुरू झालेले दिवाळीपर्यंत चालले होते.

प्रत्येक मुलाला एवढ्यावर बरे वाटेल असे नाही. थोड्या वेळात प्रचंड खाणे, त्यावर ताबा नसल्याची भावना, आणि हे आठवड्यातून किमान एकदा असे तीन महिने चालू असेल, तर तो आजार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये आपल्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र निदानाचे स्थान दिले आहे आणि त्यावर उपचार आहेत. सोबत उलट्या काढणे, जुलाबाच्या गोळ्या, चक्कर, पाळी थांबणे किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला एक दिवसही उशीर करू नये. कुठे जावे हे सुचत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालतो.

एप्रिलमध्ये सायली आली तेव्हा पाच आठवडे स्वयंपाकघरातली ती रात्र आलेली नव्हती. पाळी नियमित झाली होती, हिमोग्लोबिन वाढले होते आणि वजनाबाबत डॉक्टर समाधानी होते. उतार सावकाश होता. तिला मात्र दुसरीच काळजी होती. मे महिन्यात मावसभावाचे लग्न आहे आणि तीच मावशी तिथे असणार. आम्ही तो सगळा तास त्या एका भेटीवर घालवला. मावशी काय म्हणेल हे मी म्हणून दाखवले, सायलीने उत्तरे देऊन पाहिली, काही उत्तरे तिखट झाली, काही रडवेली. शेवटी तिला एक वाक्य जमले, "मावशी, वजनाचं राहू दे, माझ्या कॉलेजचं विचार की." ते तिने तीन वेळा म्हटले, तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांत पाहून, आणि मग दप्तर उचलून ती आजोबांबरोबर रंकाळ्याकडे गेली.