खर्च, मुदत आणि मालकाच्या मागण्या सांभाळून इंजिनिअर सुरक्षित डिझाइन कसं करतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि सरांनी 'शेवटी सगळी तडजोडच असते' असं सांगितलं. ते वाचलं आणि लिहायला बसलो. हेच वाक्य माझ्या चुलतभावानं मला भर साइटवर चारचौघांत ऐकवलं होतं.

मी लातुरात आरसीसी डिझाइनची कामं करतो. एका निवृत्त गुरुजींचं घर होतं, खाली दोन गाळे, वर दोन मजले. सगळा पैसा फंडाचा. कॉन्ट्रॅक्टर तोच चुलतभाऊ, माझा दादा. खालच्या कॉलमना शटरिंग लागायच्या आदल्या संध्याकाळी गेलो, तर रिंगांचे, म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून बांधणाऱ्या आडव्या कड्यांचे, हूक (वाकवलेली टोकं) सगळे ९० अंशात. ड्रॉइंगवर १३५ स्पष्ट लिहिलेलं.

१३५ चा हूक कॉलमच्या पोटात शिरतो, ९० चा कव्हरमध्येच, म्हणजे सळयांबाहेरच्या काँक्रीटच्या थरातच राहतो. भूकंपात आधी कव्हर फुटून पडतं. मग ९० चा हूक उघडतो, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. त्यात गाळ्यांच्या मजल्याला भिंती कमी, म्हणजे सगळा मार कॉलमवर. २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये खाली मोकळं पार्किंग असलेल्या कितीतरी इमारती कोसळल्या.

दादा म्हणाला, "आपल्याकडं कुठं येतोय रे रोज भूकंप? जरा प्रॅक्टिकल हो." लातुरात उभं राहून! किल्लारी इथून तासाभराच्या रस्त्यावर. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बोळवून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास माळवदाची घरं अंगावर आली. तेव्हाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात हा भाग झोन १ मध्ये, सगळ्यात कमी धोक्याचा. तो झोन ३ मध्ये गेला २००२ च्या आयएस १८९३ मध्ये, म्हणजे भूकंपासाठीच्या भारतीय कोडमध्ये (नियमावलीत).

मी काम थांबवलं. दादा तणतणत निघून गेला. मग तिथंच फिटरजवळ, म्हणजे सळया वाकवून बांधणाऱ्या कारागिराजवळ बसलो, तेव्हा खरं कळलं. तो म्हणाला, "साहेब, आमचा रेट टनावर. रिंगेला वाकवायचं पाच जागी, आणि वजन काय भरतं?" खरंच आहे, ८ एमएमची सळई मीटरला ४०० ग्रॅमही भरत नाही. आणि कोडप्रमाणे ८ एमएमच्या रिंगेला ९० च्या हुकाचं शेपूट (वाकवल्यावर पुढं राहणारं सरळ टोक) किमान ६४ मिलिमीटर, १३५ च्याचं ६५. म्हणजे लोखंड जवळपास तेवढंच! वाचत होते ते फक्त हाताचे कष्ट, आणि त्या कष्टांचे पैसे कुणीच धरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रिंगांचा दर नगावर वेगळा ठरवला. तो बोजा गुरुजींवर पडू नये म्हणून त्यांच्यासमोर नकाशा पसरला आणि एलिव्हेशनसाठी, म्हणजे फक्त समोरून दिसायला काढलेल्या आरसीसीच्या पट्ट्या दाखवल्या. "या कशाला धरतात?" त्यांनी विचारलं. कशालाच नाही, म्हटलं. त्यांनी स्वतः पेन घेऊन खोडल्या.

माझं ठाम मत हेच आहे. काटकसर करायची ती मालकाला दिसते, कळते आणि नको म्हणता येते अशा जागी. बाल्कनी, फिनिशिंग, गाळ्याची रुंदी, यांवर खुशाल घासाघीस करा. काँक्रीटच्या आत गडप होणाऱ्या गोष्टीवर नाही, कारण तिथं बिचाऱ्या मालकाला आपण काय गमावतोय हेच कळत नाही. त्याला तडजोड म्हणू नये. दादा त्या वाया गेलेल्या दिवसाचं अजून काढतो. काढू दे.

पण 'प्रॅक्टिकल हो' हे एका जागी दादाचं बरोबर होतं, तेही सांगितलं पाहिजे. त्याच कामात एका बीम-कॉलमच्या जोडावर मी इतक्या सळया दिल्या होत्या की काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जाईना. कागदावर सगळं पास, प्रत्यक्षात तिथं काँक्रीट पोकळ राहिलं असतं. तो जोड मी बदलून दिला. बांधता येत नाही ते डिझाइन सुरक्षित नसतं, हीसुद्धा आपलीच जबाबदारी.

मुदतीबद्दल मी फार लिहिलं नाही. पूल, कारखाने यांची गणितंही वेगळी. पण सुट्टीत एखाद्या साइटवर जा, फिटरला विचारा, ८ एमएमची एक रिंग स्वतःच्या हातानं १३५ ला वाकवा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. पुढं सही करायची वेळ येईल तेव्हा तो वेळ एस्टिमेटमध्ये धरा.