रविवारची तयारी शनिवारी

‘मावशी, मी नाशिकरोडला राहते, नोकरी सातपूरला. पहाटे पाचला उठते, द्वारका चौकाच्या कोंडीतून स्कूटी काढत कंपनी गाठते. रविवारी चर्चमध्ये गायनमंडळ, शब्बाथ शाळा म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, शिवाय महिला मंडळाचा हिशोब. वर्षभरात बायबल वाचायची मोबाईलवरची योजना 19 दिवस मागे पडलीय. प्रार्थनाही घाईत उरकते, मुलांवर खेकसते. थांबू कशी?’

सलाम. ती योजना आजच बंद कर. 19 दिवसांची थकबाकी भरायला बसलीस तर पानं उलटतील, आत काही उतरणार नाही. बायबलमधलं स्तोत्र 23 घे. वचनं सहाच, सोमवार ते शनिवार रोज एक. छापील बायबलातूनच वाच. मोबाईल उघडला की आधी शाळेच्या ग्रुपचे मेसेज दिसतात. एकदा मोठ्यानं, एकदा हळू, तिसऱ्यांदा जिथं मन अडेल तिथं थांबायचं. मंगळवारी हिरव्या कुरणांवरच अडलीस तर तिथंच बस. दहा मिनिटं पुरेत.

त्यासाठी आणखी लवकर मात्र उठू नकोस. बायबलमधला थकलेला संदेष्टा एलिया झुडपाखाली मरण मागत झोपला, तेव्हा देवदूतानं त्याला बोध केला नाही. निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. तुझीही आधी झोप भरू दे.

आता रविवार. बायबलच्या निर्गम पुस्तकाचा 16वा अध्याय नीट वाच. रानात देवानं इस्राएली लोकांना दिलेलं अन्न म्हणजे मान्ना. तो रोज माणशी एक ओमर (हे एक माप), सहाव्या दिवशी दोन. एरवी रात्रभर ठेवला की त्यात किडे पडत. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी ठेवलेला टिकला. सातव्या दिवशी वेचायला गेले, त्यांना काहीच मिळालं नाही. विसावा आदल्या दिवशीच साठवावा लागतो, आणि तुझं नेमकं इथंच चुकतं: उरलेली सगळी कामं तू रविवारवर ढकलतेस.

शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ: गणवेश धुऊन वाळत, मटकी उकडून फ्रीजमध्ये, कांदा-खोबऱ्याचं वाटण डब्यात, दप्तरं भरून दाराशी, स्कूटीत पेट्रोल. निम्मं काम नवऱ्याचं आणि मुलांचं. सगळं एकटीनं केलंस तर महिन्याभरात हेही मोडेल.

रविवारी दीड ते साडेचार काहीच नाही. मोबाईल कपाटात. पहिले दोन-तीन रविवार हात शिवशिवतील, माळा आवरावासा वाटेल. थांबायची सवयच राहिलेली नाही, म्हणून. आवरू नकोस. चटईवर पड, लेकरांच्या डोक्याला सावकाश तेल लाव.

चर्चमधल्या तीन जबाबदाऱ्यांपैकी एकच ठेव. इस्राएलचा पुढारी मोशे, त्यालाही त्याचा सासरा इथ्रो यानं हेच सांगितलं होतं, एकट्यानं हे झेपणार नाही, कामं वाटून दे. पाळकसाहेबांना आजच सांग, ‘पुढच्या महिन्यापासून फक्त गायनमंडळ.’ कारणं देत बसू नकोस. कारण दिलं की त्यावर तोडगा काढून काम पुन्हा तुझ्याच गळ्यात पडतं. हिशोबाची वही देताना शिल्लक दोघींनी मोजा आणि सह्या करा, म्हणजे नंतर रात्री फोन येणार नाहीत.