दोन एकर लॉन आणि उन्हाळ्याचं पाणी

भाऊ, दोन एकर लॉनला उन्हाळ्यात पाणी कसं पुरवू, आपोआप पाणी सोडणारे टायमर-सेन्सर लावू का, असं तू विचारलं. घाबरू नको, आणि त्या टायमर-सेन्सरच्या भानगडीत तर आत्ता पडूच नको. आपली नागपूरची काळी माती पाणी हळू पिते, तू तासभर सलग स्प्रिंकलर चालवून राहिला म्हणून पाणी रस्त्यावर वाहून राहिलं. दहा मिनिटं दे, अर्धा तास थांब, मग परत दहा.

- पाणी पहाटेच. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत उडवलेलं बरंचसं हवेतच जाते.
- झाडांना ड्रिप (ठिबक), पण बुंध्याला चिकटून नाही, फांद्यांच्या घेराखाली. वर वाळलेल्या पानांचा चार बोटं थर (लोक जाळतात ही पानं, काय म्हणावं!)
- माती वरून सुकली दिसली की लगेच पाइप सोडू नको, लांब स्क्रू ड्रायव्हर खुपसून पहा, सहज गेला त आत ओल आहे.

ड्रिपचा फिल्टर दर आठवड्याला धू, बोअरच्या पाण्यानं ड्रिपर (थेंब सोडणारी तोंडं) लवकर बुजतात.