नगावर मजुरी दिली, तर भेदभावविरोधी कायद्याची गरज उरते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : प्रत्येक कामगाराला त्याने तयार केलेल्या नगांप्रमाणे मजुरी दिली, तर मालकाला त्याचे लिंग, वंश, धर्म किंवा वय पाहण्याचे कारणच उरणार नाही, मग नोकरीतील भेदभावाविरुद्धचे कायदे कशाला हवेत? या युक्तिवादाचा एक भाग भक्कम आहे. मात्र मी काही काळ उत्पादन विभागात कामाचे दर ठरवण्याचे काम केले आहे आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, भेदभाव व्हायचा असेल तर तो बहुधा नग मोजण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो.

आधी भक्कम भाग पाहू. अर्थशास्त्रज्ञ एडमंड फेल्प्स यांनी १९७२ मध्ये आणि त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी दाखवून दिले की, मालकाच्या मनात कोणाविषयी आकस नसला तरी भेदभाव होऊ शकतो. उमेदवार प्रत्यक्षात किती काम करील हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो त्या उमेदवाराच्या गटाबद्दलच्या समजुतीवरून अंदाज बांधतो. नगावर मजुरी असेल तर हा अंदाज बराचसा निरर्थक ठरतो, कारण काम कमी झाले तर मजुरीही कमी द्यावी लागते. अमेरिकेच्या १९६३ च्या समान वेतन कायद्यातही उत्पादनाच्या संख्येवर किंवा दर्जावर आधारलेल्या वेतनपद्धतीतून येणारा फरक वैध मानलेला आहे. परंतु अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये ज्या निव्वळ नावडीचे विश्लेषण केले, तिच्यावर हा उपाय चालत नाही. ज्याला एखाद्या गटातील माणसे आपल्या छताखाली नकोच आहेत, तो त्यांना कोणत्याही दराने कामावर घेणार नाही. भरती, बढती आणि कामावरून काढणे या गोष्टी मजुरीच्या सूत्राबाहेरच राहतात.

शिवाय संथ कामगार मालकाला फुकट पडतो, हेही खरे नाही. तो ज्या यंत्रावर बसतो त्या यंत्राचे व्याज, जागेचे भाडे आणि देखरेखीचा खर्च तेवढाच राहतो. ज्या देशांत नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनाची हमी असते, तिथे ठरावीक मर्यादेखालील उत्पादनाची तूट मालकच भरून काढतो. ही हमी असायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तिच्यामुळे गटावरून अंदाज बांधण्याचा मोह परत येतो, हे मान्य केले पाहिजे.

आता मोजणीच्या आधीचा भाग. एकाच दराने काम करणाऱ्या दोन व्यक्तींपैकी एकीला नवे यंत्र आणि एकाच नमुन्याची मोठी ऑर्डर मिळते. दुसरीला जुने यंत्र आणि दर तासाला बदलणारे छोटे नमुने मिळतात, ज्यांत अर्धा वेळ जुळवाजुळवीतच जातो. यंत्र बंद पडल्यावर मेकॅनिक कोणाकडे आधी जातो, कच्चा माल कोणाला आधी मिळतो, कोणाचा नग ‘रिजेक्ट’ होतो आणि कोणाचा डोळेझाक करून पास होतो, हे सारे पर्यवेक्षकाच्या हातात असते. महिनाअखेरीस हिशेबाच्या कागदावर दर समान दिसतो, आकडे खरे असतात, आणि तरीही त्या आकड्यांत कोणाच्या तरी पूर्वग्रहाचा वाटा असतो. माझ्या दृष्टीने या पद्धतीचा हाच सर्वांत मोठा धोका आहे, कारण एकदा आकडा समोर आला की त्याच्याशी वाद घालणे कामगाराला जड जाते.

दुसरा धोका दोन वेगळ्या कामांच्या दरांमध्ये असतो. युरोपीय आर्थिक समुदायाची स्थापना करणाऱ्या १९५७ च्या रोम करारातील ११९ व्या कलमात असे म्हटले होते की, सारख्याच कामाची नगावारी मजुरी एकाच मापाने मोजली पाहिजे. पण कामे वेगळी, तरीही समान मोलाची असतील तर काय? डेन्मार्कमधील रॉयल कोपनहेगन या चिनी मातीच्या कारखान्याच्या प्रकरणात हाच प्रश्न उभा राहिला : स्वयंचलित यंत्रे चालवणारे सारे पुरुष होते, तर निळी नक्षी रंगवणाऱ्या जवळजवळ सर्व स्त्रिया होत्या. युरोपीय न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की, समान वेतनाचे तत्त्व नगावारी मजुरीलाही लागू आहे. केवळ सरासरी कमाईतील फरकाने भेदभाव सिद्ध होत नाही, कारण तो वैयक्तिक उत्पादनातूनही येऊ शकतो. मात्र दर कोणत्या घटकांवरून ठरले हे कळण्याजोगे नसेल, तर खुलाशाची जबाबदारी मालकावर येऊ शकते. मला ही भूमिका अतिशय समंजस वाटते. दर्जाच्या बाबतीत याच न्यायालयाने डॅनफॉस या डॅनिश कंपनीच्या १९८९ च्या प्रकरणात अधिक कडक भाषा वापरली होती : कामाचा दर्जा हा निकष लावल्यावर स्त्रिया सातत्याने मागे पडत असतील, तर तो निकष गैररीतीने लावला गेला असेच मानावे लागेल.

याचा अर्थ प्रत्येक फरकामागे भेदभाव असतो, असा नव्हे. अमेरिकेतील दहा लाखांहून अधिक उबर चालकांच्या अभ्यासात मोबदल्याचे सूत्र सर्वांना सारखे असूनही पुरुषांची तासागणिक कमाई सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळली आणि त्याची कारणे अनुभव, गाडी चालवण्याची ठिकाणे आणि वेग यांत सापडली.

अपंग कामगारांच्या बाबतीत मात्र निव्वळ मोजणी किती कठोर होऊ शकते, हे अमेरिकेच्याच १९३८ च्या श्रमकायद्यातील कलम १४(क) वरून दिसते. त्यानुसार विशेष प्रमाणपत्र घेतलेल्या मालकाला अपंग कामगाराच्या उत्पादनाची इतरांशी तुलना करून किमान वेतनापेक्षाही कमी मजुरी देता येते. उलट तिथलाच १९९० चा अपंगत्वविषयक कायदा मालकाला उत्पादनाची पातळी खाली आणायला सांगत नाही, पण ती गाठता यावी म्हणून आसन, साधने किंवा कामाच्या वेळा यांत वाजवी बदल करायला लावतो.

आपण स्वतः अशी पद्धत सुरू करणार असाल, तर दर ठरवताना ज्यांच्या कामाची वेळ मोजली त्यांत सर्व गटांचे कामगार होते याची नोंद ठेवा, यंत्र आणि ऑर्डर यांचे वाटप पाळीपाळीने करा, कामगाराचा दोष नसताना गेलेल्या वेळेची मजुरी वेगळी द्या आणि नग तपासणाऱ्याला तो कोणी बनवला हे कळू देऊ नका. आपण कामगार असाल आणि संशय असेल, तर मजुरीच्या पावतीआधी कामवाटपाची वही मागा.