जुनी ४०७ घेतलीत? आधी एवढं सांभाळा
भाऊ, टाटा ४०७ हा छोटा ट्रक जुना घेतलात, चांगलं केलंत. स्वतः काम शिकायला सोयीची गाडी आहे. फक्त लगेच इंजिन उघडायची घाई करू नका.

सुरुवातीला सगळ्यात जास्त लक्ष डिझेलकडे द्या. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून साचलेलं पाणी काढत जा, पावसाळ्यात जरा जास्तच वेळा. फिल्टर बदलल्यावर गाडी स्टार्ट झाली नाही, तर बहुतेक वेळा लाइनमध्ये एअर अडकलेली असते. नवखे इथे सेल्फ मारत बसतात आणि बॅटरी उतरवतात. तसं न करता ब्लीडिंग स्क्रू (लाइनमधली हवा बाहेर काढायचा स्क्रू) ढिला करा, हँड प्रायमर म्हणजे डिझेल पुढे ढकलायचा हातपंप मारत राहा; बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा.

बाकी थोडक्यात:
- नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच शिरू नका. चाकांना ठोकळे लावा, चेसिसखाली स्टँड द्या.
- तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.
- ऑइल रोज सकाळी, थंड इंजिनवर बघा.
- किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांचं ग्रीसिंग टाळू नका.
- काळा धूर दिसला की आधी एअर फिल्टर तपासा.

इंजिनचा डिझेल पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) यांचं काम पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडेच द्या. ब्रेकचं काम पहिल्यांदा चांगला मिस्त्री शेजारी उभा करूनच करा.